टेबलफॅन, बादली आणि जुना कॉम्प्युटर

"विझला," बायको म्हणाली. "म्हटलं होतं ना."

अप्पांनी झेप घेऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. ऑफिसने भंगारात काढलेला हा कॉम्प्युटर. याच्यावरच त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून वर्षानुवर्षं नकाशे काढले होते. निवृत्तीनंतर तो घरी आणून, धूळ झाडून, वायरी बदलून त्यांनी पुन्हा चालू केला होता. पण सुरू करून समोर बसलं की थोड्या वेळाने पडदा काळा. तापतोय, दुसरं काय? तापलेलं यंत्र जळू नये म्हणून अप्पा लगेच वीज तोडत. आणि चालू असताना त्याला स्वतः बोट लावत नसत, कुणाला लावूही देत नसत. आजारातून उठलेल्या माणसाला कुणी पहिल्याच दिवशी पळायला लावतं का?

बायकोला तो कोपरा शिलाई मशीनसाठी हवा होता. "रविवारी आपला चहा होईपर्यंत चालला तर राहू दे. नाहीतर सोमवारी भंगारवाला," तिने निकाल दिला.

भंगारवाला. अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. पडदा तरीही विझायचा तो विझलाच.

रविवारी सकाळी जावई आला. त्याचं मोटारींचं गॅरेज, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच औषध.

"हवेने काय होतंय, अप्पा? गाडीचं इंजिन कशाने थंड ठेवतात? पाण्याने."

"जावईबापू, हे विजेचं यंत्र आहे. त्यात पाणी ओतू?"

"ओतायचं कुठे, नळीतून फिरवायचं. आत थेंब पडला तर मिशी उतरवीन."

जावयाला नाही कसं म्हणणार? अप्पांनी राग गिळला. दुपारपर्यंत मुख्य चिपवर तांब्याचा ठोकळा बसला, त्यातून दोन नळ्या निघाल्या आणि माशांच्या टाकीतला पंप लावून बादलीत सोडल्या गेल्या. चांगल्या धडधाकट यंत्राला सलाइन लावून ठेवलंय मेल्याने, असं अप्पा मनात म्हणाले. टेबलफॅन मात्र त्यांनी जागचा हलू दिला नाही.

चहा आला. पंप गुरगुरत होता, पंखा घरघरत होता आणि हवा बरी की पाणी यावर सासरा-जावई हमरीतुमरीवर आले होते. तेवढ्यात पडदा विझला.

संतापाने अप्पांचा हात बटणाकडेही जाईना. "बादलीभर पाणी पाजलं तरी ही तऱ्हा. करा आता काय करायचं ते."

जावई डगमगला नाही. "पाणी कमी पडतंय. उद्या मोठी टाकी आणतो. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मावेल. शेजारी गाडीचा रेडिएटरही बसवू."

बायको फडकं घेऊन उठली आणि टेबल पुसायला लागली. फडकं कीबोर्डवरून फिरलं आणि पडद्यावर अर्धवट नकाशा जसाच्या तसा उभा राहिला.

"बघा, पाण्याचा गुण," जावई म्हणाला. "जरा वेळ लागतो, एवढंच."

अप्पांना आत्ता आठवलं. कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप विझावा, ही सोय त्यांनीच ऑफिसात असताना वीज वाचवायला करून ठेवली होती. खरं सांगावं तर इतके दिवस आपण मूर्खपणा केला हे कबूल करायचं, आणि गप्प बसावं तर हा गॅरेजवाला गावभर मिरवणार. पण कॉम्प्युटर वाचत होता. "हो," ते दातओठ खात म्हणाले, "पाण्याचाच गुण."

जावई शीळ घालत गेल्यावर त्यांनी बायकोला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही फोनवर बोलत होतात, मी धूळ पुसत होते."

"आणि बोलली नाहीस? सरळ भंगारात द्यायला निघालीस?"

"मला कोपरा हवा होता."

"मग आज कशाला फडकं फिरवलंस?"

"तुमची दोघांची औषधं काही संपायची नाहीत, हे आज कळलं," ती कप उचलत म्हणाली. "हा कोपरा तर गेलाच होता. म्हटलं, निदान खिडकीजवळचा तरी वाचवावा. मशीन तिकडे लावून द्या आता."