फक्कीचं घर

अण्णांच्या घरात कुणी भिंतीतून गेलेलं त्यांना चालत नसे. भिंती अजून बांधलेल्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. नांदेडच्या बाहेर, लोह्याच्या रस्त्याला त्यांनी प्लॉट घेतला. रस्त्यापासून मागं घसरत गेलेला. कागदावरचा नकाशा त्यांना पटेना. म्हणून त्यांनी पांढऱ्या फक्कीनं सगळं घर जमिनीवरच आखलं आणि रोज संध्याकाळी तिथं जाऊन राहू लागले. खुर्चीच्या उताराकडच्या पायांखाली विटा लावून 'बैठकीत' बसत. येणाऱ्यानं फक्कीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या. एकदा शेजारची म्हैस थेट स्वयंपाकघरात शिरली, तर तिलाही म्हणाले, "दार दिसत न्हाई का?"

मिस्त्री म्हणे, मुरूम भरू, सपाट करू, जोतं उंच घेऊ. कॉलनीतल्या घरांसारखं घर होईल. अण्णांचं एकच, "भरायचं न्हाई." वरची खोली रस्त्याच्या बरोबरीत आणि बाकीचं घर तिथून पायऱ्यापायऱ्यांनी खाली, हा त्यांचा हट्ट. वहिनी म्हणाल्या, "मी काय शेळी हाय का, खालीवर करायला?" नातेवाईक हसले. लातुरात बसून मीही हसलो. हसणं मला सोयीचं होतं.

खरं काय ते आज लिहितो. माझा डावा पाय लहानपणापासून अधू. माझी बायको गेली तेव्हा मीच अण्णांना म्हणालो होतो, रिटायर झालो की तुमच्याकडंच राहायला येतो. अण्णांनी ते धरून फक्की टाकली. आणि मी लेकाच्या आग्रहानं लातुरातच फ्लॅट घेतला. तेही त्यांना सांगितलं ते त्यांच्या घराचा स्लॅब टाकून झाल्यावर.

फोनवर अण्णा म्हणाले, "बरं. लिफ्ट हाय ना?"

घर त्यांनी आखलं तसंच उभं राहिलं. वहिनी गुडघे धरून चढतात. वरची खोली रिकामी. लोक अजून अण्णांच्या डोक्याला हसतात आणि अण्णा कुणाला कारण सांगत नाहीत.

परवा मी बॅग घेऊन गेलो. काठी टेकत रस्त्यावरून सरळ खोलीच्या दारात आलो. पाय कुठं उचलावाच लागला नाही. काठीचा आवाज ऐकून खालून अण्णा ओरडले, "चपला उंबऱ्याबाहेर काढ रे."

मी खाली पाहिलं. दाराला उंबरा नव्हता. त्याच्या जागी फरशीवर फक्कीची रेघ होती, ताजी.