अंधाराची राखण

शनिवारी दुपारी चार वाजता, बोरगाव मेघेच्या घरी, अस्मितानं आठ बशांचा ट्रे सासऱ्यांच्या हाती दिला. बारशातलं बाळ आत्याच्या हाती द्यावं तसा.

"बाबा, सांभाळून. यात खमीर आहे. त्याच्या पेशींवर मी मघाशी प्रयोगशाळेत अतिनील किरणांचा मारा केलाय. पेशीच्या पोटात डीएनएचा धागा असतो ना, तो जागोजागी दुखावलाय."

"म्हंजे जखमी हाय बिचारे," प्रभाकररावांचा आवाज हळवा झाला.

"हो. उजेड मिळाला की पेशी तो धागा आपला आपण दुरुस्त करतात. माझं म्हणणं, जरासा उजेडही पुरतो. सर म्हणतात, शक्यच नाही, आधी अंधारात किती जगतात ते मोजून आण. आठ महिने माझा प्रबंध त्यावर अडलाय. अन् नेमकी तिथली उबवणपेटी बंद पडली."

"मंग?"

"ऑक्टोबरात आपली कोठीची खोली काय कमी उबदार असते? दोन दिवस तिथं राहू दे. मी नागपूरच्या कार्यशाळेहून सोमवारी सकाळी येते. फक्त उजेड लागू देऊ नका."

"बिनघोर जाय बेटा."

प्रभाकररावांनी नोकरीत असताना सात निवडणुकांच्या मतपेट्या राखल्या होत्या. त्यांनी कोठीतला बल्ब काढून खिशात घातला, उंबऱ्याच्या फटीत पोतं कोंबलं, दाराच्या सांध्यावर कागद चिकटवून त्यावर तारीखवार सही ठोकली आणि समोर खुर्ची टाकून बसले.

ऊन कलंडलं. गाई परतल्या, त्यांच्या मागं धूळ परतली, धुळीमागं सांज. आणि पदराआड ज्योत धरून अस्मिताच्या सासूबाई, मंदाबाई आल्या.

"सरका. कोठीत दिवा दाखवू द्या."

"आज नाई."

"तिन्हीसांजेले धान्याची खोली अंधारी ठेवता? लक्ष्मी दारातूनच पलटन!"

"तिले म्हनाव सोमवारी येजो."

मंदाबाईंनी दिवा तुळशीपाशी ठेवला आणि भिंतीला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटल्या,

"सांज आली दारी, दिवा कुठं लावू बाई,
धन्यानं माह्या घरी उजेडाले जागा नाई."

तेवढ्यात शेजारच्या शकुंतलाबाई विरजण मागायला आल्या. बंद दार, कागद, सही आणि खुर्ची एका नजरेत पाहून त्यांनी वाटी पाठीमागं नेली.

"भाऊजी, असे दारात काऊन बसून राह्यले?"

प्रभाकरराव खोटं बोलत नसत. "आत जखमी हाय. उजेड चालत नाई त्यायले. सुनेनं आणले. जास्त इचारू नका, वयनी."

शकुंतलाबाई विरजण न घेताच गेल्या. पाव तासात गल्लीनं निदान केलं : सुनेनं कोणीतरी पाहुणा आणला, त्याच्या अंगावर कांजिण्यांची माता निघाली आणि घरचे लपवून राह्यले. सात बाया कडुनिंबाचे डहाळे अन् नारळ घेऊन अंगणात उभ्या राहिल्या.

"मंदे, घरात माता आली अन् आमाले सांगतलं नाई?"

"कोणाले आली?"

"तेच तं! कोणाले?"

मंदाबाईंच्या कपाळावरची शीर उडाली. "माह्या घरात काई लपवलं नाई! या, पाहून घ्या!"

"मंदा, सील हाय!" प्रभाकरराव ओरडले.

"घाला चुलीत तुमचं सील!"

सही टरकन फाटली. आत काळाकुट्ट अंधार. बल्ब प्रभाकररावांच्या खिशात. मग सात बायांनी सात मोबाईल काढले आणि कोठीत दिवाळी उजाडली. उजेडाचे झोत तुरीच्या पोत्यांवरून, लोणच्याच्या बरणीवरून फिरत ट्रेवर येऊन एकवटले.

"एवढंच?"

"खरवसाच्या वड्या वाटते."

"खरवस कायचा! सुनेचं कॉलेजचं असन काई."

प्रभाकररावांना तिकडं बघवेना, म्हणून ते भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. अकरा मिनिटं. मग नारळ फुटला, हिरमुसल्या बायांनी खोबरं खाल्लं आणि त्या गेल्या. प्रभाकररावांनी दाराला नवा कागद लावला, पण सही करायला हात धजेना.

सोमवारी अस्मितानं ट्रे बाहेर आणला. बशांतल्या खरवसासारख्या थरावर पांढरे ठिपके उगवले होते, टिपूर चांदणं पडावं तसे.

"बाबा, बशीत दहा-बारा हवे होते. हे शेकडो आहेत!"

प्रभाकररावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तुळशीपासून नारळापर्यंत. अस्मितानं ट्रे पायरीवर ठेवला. मग एकदम म्हणाली, "किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"मोबाईल किती? किती दुरून?"

"सात. हातभर दुरून."

तिनं पर्समधून वही ओढली. "बाबा, जरासा उजेड पुरतो! मी हेच म्हणत होते! पण एकदा झालेलं सर मानायचे नाहीत. पुन्हा करावं लागेल. मी दुपारी नव्या बशा आणते. तीच खोली, तीच वेळ, तेच सात मोबाईल."

म्हणजे बायांना बोलावण्याचं काम आलं प्रभाकररावांकडे. ते शकुंतलाबाईंच्या दारी गेले.

"वयनी, आज सांजेले सगळ्या या. मोबाईल चार्ज करून आणा."

"कायले? तुरीचे पोते पाहाले? लोक हासून राह्यले आमच्यावर!"

दार लागायला आलं. सुनेचे आठ महिने त्या फटीत अडकले. अडुसष्ट वर्षांत जे केलं नव्हतं ते करायला प्रभाकररावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"परवा दाखवलं ते वरवरचं होतं, वयनी. खरं पोत्याच्या मागं हाय. पण कोणाले सांगू नका."

सात वाजता अंगणात तेवीस बाया उभ्या होत्या.

प्रभाकररावांनी पुन्हा कोठीच्या दारात खुर्ची टाकली. आता उजेडाला आत सोडायचं होतं. अडवायचं होतं ते सोळा जणींना.