जेवणाच्या सुट्टीतलं तटस्थ मत

ज्या संस्थेला नफा कमवायचा नसतो, तिला घाई करण्याचं काही कारणच उरत नाही. भिवंडीहून पडघ्याकडे जाताना दिसणारं लोकारोग्य प्रतिष्ठान हे या सत्याचं नऊमजली उदाहरण होय. इथे रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आरोग्यविमाही आहे. म्हणजे माणसाला आजारी ठरवणं, त्या आजारावर विद्यार्थी घडवणं आणि तो आजार मुळात होता का अशी शंका घेणं, या तिन्ही सेवा एकाच छपराखाली मिळतात. (पार्किंग मात्र पलीकडच्या गल्लीत.)

दापोड्याचे केसरीनाथ पाटील इथे आले ते जांघेतल्या हर्नियासाठी. थोरल्या निशाची हळद बारा दिवसांवर आली होती, आणि मुलीच्या हळदीत बाप नाचला नाही तर पाहुणे बापाची नव्हे, जावयाची चौकशी करतात. केसरीनाथांना तर हसलं तरी कळ यायची. घरात आठवडाभर कुणी विनोद करत नव्हतं.

पहिल्या दिवशी बावीस विद्यार्थ्यांनी त्यांना एकेक करून खोकायला सांगितलं. तेविसाव्या वेळी ते न सांगताच खोकले. मग डॉ. सुश्रुत जोगळेकर आले. अतिशय सज्जन माणूस.

"काका, आठवड्याभरात ऑपरेशन करून टाकू," ते म्हणाले. "लांबवण्यात अर्थ नाही." आणि त्यांनी तसं विमा विभागाला लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी सातव्या मजल्यावरून उत्तर आलं: 'उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पुरेसा विचार केलेला दिसत नाही. सबब प्रस्ताव नामंजूर.' खाली सही होती, डॉ. सुश्रुत जोगळेकर, वैद्यकीय सल्लागार.

केसरीनाथांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कागद काउंटरवरच्या विनितापुढे धरला.

"सर सकाळी हॉस्पिटलला असतात, दुपारी विम्याला," विनिता म्हणाली.

"मंग सकालचं दुपारी याद न्हाय राहात त्यांना?"

"राहतं ना. पण वापरता येत नाही. पक्षपात होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तो शेरा वाचला आणि ते भडकलेच. "कोणी लिहिलंय हे? पेशंट न बघता?" त्यांनी दोन पानांचं खरमरीत पत्र पाठवलं. दुपारी तेच पत्र त्यांनी शांतपणे वाचलं, 'भाषा असंयमित' असं नोंदवलं आणि फाइल परत खाली धाडली. आठवडाभरात असा पत्रव्यवहार तीनदा झाला. प्रतिष्ठानच्या अहवालानुसार त्या आठवड्यात पारदर्शकता चाळीस टक्क्यांनी वाढली. (हर्नियाही वाढला, पण त्याचा रकाना अहवालात नव्हता.)

हळद चार दिवसांवर आली तेव्हा केसरीनाथ म्हणाले, "जाऊ दे. मी खुर्चीत बसन. पोटाला पट्टा बांधन." हे बोलताना त्यांचा आवाज बसला. तीस वर्षांच्या संसारात त्यांची बायको हौसाबाई हिने तो आवाज दोनदाच ऐकला होता. तिने पदर खोचला.

हौसाबाईने लग्नाआधी खारबावच्या बाजारात मासळी विकली होती. गिऱ्हाईक कुठल्या क्षणी खरं बोलतं, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि बरोबर दीड वाजता कँटीन गाठलं. डॉक्टर भेंडीची भाजी खात होते.

"डाक्टर, तुमी आता कोन? हास्पिटलचे का विम्याचे?"

"काकी, आत्ता मी जेवतोय."

"मंग जेवनाऱ्या मानसालाच इचारते. माज्या मालकाला हर्निया हाय का न्हाय?"

"आहे."

"कापाला पायजे का नको?"

"पाहिजे. कधीच व्हायला हवं होतं."

"लिवून द्या."

डॉक्टरांनी हात पुसले आणि समोरच्या पेपर नॅपकिनवर ते दोन ओळींत लिहून दिलं. सही करताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की शेजारच्या टेबलावरच्या नर्सने त्यांना गोड काही हवंय का विचारलं.

तीन वाजता तो नॅपकिन सातव्या मजल्यावर पोचला. रुग्णालयाशी आणि विम्याशी त्या वेळी कसलाही संबंध नसलेल्या तिसऱ्या तज्ज्ञाचं तटस्थ मत म्हणून डॉ. जोगळेकरांनी ते ताबडतोब ग्राह्य धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ऑपरेशन केलं, आणि फार सुरेख केलं. केसरीनाथ हळदीत खुर्चीतच बसले, पण पट्ट्याशिवाय. बँजो सुरू झाला तसे ते दोन्ही हातांनी असे नाचले की पाहुणे नवरीकडे पाहायचे विसरले.

रुग्णालयातून घरी सोडताना नर्सने त्यांच्यापुढे एक फॉर्म ठेवला होता. त्यावर 'अत्यंत समाधानी' समोर टिक आधीच केलेली होती. "काका, खाली फुली मारलीय ना, तिथे सही करा." केसरीनाथांनी केली. फुलीच्या वर दोन पानं बारीक मजकूर होता. तो त्यांनी वाचला नाही.

आता तुम्ही मान हलवताय, की वाचायला नको होतं का? जरूर हलवा. मग उठून तुमच्या कपाटातली पॉलिसी काढा. शेवटच्या पानावरची सही तुमचीच आहे. फुली मात्र दुसऱ्या कुणीतरी मारलेली आहे.