गफूरभाईंचं पांढरं ताट

गफूरभाई नव्या माणसाला आधी वळायला लावत. "जरा मागं फिरा." खात्याचे साहेब आले तरी तेच. एक साहेब खरंच फिरले आणि मग बराच वेळ लाजून पाण्याकडं बघत राहिले.

"तोंडावर काय हाय? सगळ्यांचं सारखंच. ओळख शेपटीपाशी," असं भाईंचं म्हणणं. नळदुर्गच्या मत्स्यबीज केंद्रात राहून त्यांची ही खोड झाली होती.

कलकत्त्याहून रेल्वेनं सोलापूरला आणि तिथून ट्रकनं माशांची पिल्लं येत, नखाएवढी. रोहू एका हौदात, मृगळ दुसऱ्यात. दोघं सख्ख्या भावांसारखे. मृगळाच्या शेपटीच्या बुडाशी तिकोनी काळा ठिपका, रोहूला तिथं पट्टा. सांगायला सोपं. पण ताटात वळवळायला लागली की मला नुसत्या मुंग्या दिसत.

मी देवगडचा, चौथीत शाळा सोडलेला. भाईंनीच कामावर घेतलं, आपल्या खोलीत जागा दिली, ज्वारी मला पचेना म्हणून भात शिजवायला शिकले. गावाकडं माझ्या बायकोपोरांची चूल या नोकरीवर. रोज सकाळी भाई इनॅमलचं पांढरं ताट पुढं धरत.

"बोल, कोण हाय ह्यो?"

अंदाजानं म्हणायचो, "रोहू."

"शाबास, लेका. घाल हौदात."

चुकलं तरी हा माणूस सांभाळून घेतोय, असं वाटून मला त्यांच्याकडं वर बघवत नसे.

एका सकाळी जाळीतून काहीच आलं नाही. ताटात नुसतं पाणी. भाई वाकले, नाक पाण्याला टेकेपर्यंत.

"बोल, कोण हाय?"

मी ताटातल्या पाण्यात बोट फिरवलं.

"आरं बोल की. मला बी रोहूच वाटतोय."

"भाई, ताट रिकामं आहे."

ते हौदाच्या काठावर बसले. ताट मांडीवर ठेवून म्हणाले, "लई दिस झालं, दिसंना झालंय. वर कळवू नको. घरी धाडतील. आन् घरी कोण हाय माझं? इथं निदान तू इचारतोस, भाई, जेवलात का." मग चाचपत माझा खांदा धरला. "पर काम न्हाय अडलं. तू सांगत गेलास, म्या व्हय म्हणत गेलो. लई भरोसा तुझ्यावर. हौदात समदं बरोबरच हाय न्हवं?"

मी मान खाली घातली. ती त्यांना दिसली नाही.