परबांची अडीच तासांची गाडी

बहरीनमध्ये तेव्हा रेल्वेचा एक रूळही नव्हता, पण जिदहफ्सच्या आमच्या खोलीतून मुंबई-कुडाळ गाडी रोज सुटायची. अडीच तासांत पोचायची. परबांनी ती ड्रॉइंगच्या कागदावर काढून आपल्या पलंगाशेजारच्या भिंतीला चिकटवली होती.

परब एका कंपनीत ड्राफ्ट्समन. दिवसभर गटारांचे नकाशे आणि संध्याकाळी देशाची जलद रेल्वे. "जपान्यांक जमता, मग आमकां कित्याक नाय? तत्त्वतः शक्य आसा," हे त्यांचं पालुपद. मी म्हणायचो, "परब, मध्ये डोंगर आहेत."

"बोगदो."

"खाड्या?"

"पूल."

"आणि सरकार?"

यावर मात्र ते चहा करायला उठायचे.

वळणांशी त्यांचं हाडवैर. माझ्या जुनाट मोटारीतून रिफाला जाताना ते शेजारी बसून सांगत, "ह्या वळणार आपली कुडाळची गाडी उलाटली असती." इतक्या खात्रीने सांगत की मी घाबरून वेग कमी करी. मग, "हळू कित्याक?" हेही तेच विचारत.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची आई होती. कुडाळजवळच्या गावात एकटी. परबांना दोन वर्षांनी एकदा लीव्ह. विमान चार तासांत मुंबईला टाकायचं, पुढे एस.टी.त अख्खी रात्र जायची. वडील गेले तेव्हा परब पोचले ते तिसऱ्या दिवशी. "आयेच्या वेळेक असा होता नये," एवढंच एकदा म्हणाले.

तेव्हा आम्ही पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचो. कुणी लीव्हवर निघालं की त्याच्या बॅगेत द्यायची. परब आपल्या कॅसेटीत आईला गाडीच सांगत. अमका बोगदा झाला, तमका पूल राहिला. आईची कॅसेट आली की मागे कोंबडा आरवत असायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बाबू, रूळ खंयपर्यंत इले?" म्हातारीला हा खरंच रेल्वे बांधतोय असं वाटतं, हे ऐकून मला परबांचा रागच यायचा.

पुढे मी लीव्हवर गेलो, तेव्हा त्यांची कॅसेट घेऊन तिच्या घरी गेलो. न राहवून सांगून टाकलं, "आजी, ती गाडी नुसती कागदावर आहे."

"माका म्हायत आसा," ती शांतपणे म्हणाली. "पण गाडयेचा इचारलंय काय तो तासभर बोलता. नायतर 'मी बरो आसंय' म्हणता आणि गप ऱ्हवता. तू तेका सांगू नको."

मला माझीच लाज वाटली. ती कॅसेट तिने माझ्यासमोर लावली नाही. मी गेल्यावर एकटीने ऐकणार होती.

परत आलो तर परब दारातच उभे. "आये काय म्हणाली?"

"सविस्तर सांग म्हणाली. साठ मिनिटं पुरत नाहीत तिला."

परब भिंतीवरच्या गाडीकडे वळले आणि पेन्सिल शोधू लागले. त्या शुक्रवारी मी बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन त्यांच्यासाठी नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेटी घेऊन आलो.