सातभाईंसाठी येरोनी

लोक अंगणातले काटे उपटून बाहेर टाकतात. आमच्या शेजारचे डोमाजीकाका रानातून काटे आणून अंगणात लावत. मी लग्न होऊन नेरला आले, त्या पहिल्याच सकाळी ते डोक्यावर येरोनीचं, म्हणजे रानबोरासारखं काटेरी झुडूप घेऊन येताना दिसले. मुळाशी मातीचा गोळा, कानामागून रक्ताचा ओघळ आणि चेहरा नवरदेवासारखा.

“हे कायले जी?” सासूबाईंनी विचारलं.

“पाखराईसाठी.”

“मंग दोन मुठी ज्वारी टाका ना.”

“दाना टाकला का कबुतरं येतात. खातात अन् घुमत बसतात. मले ते नाही पाहिजे.”

काका जन्मभर कापसाच्या जिनात इंजिनावर होते. आता घरी एकटेच. त्यांनी अंगणभर येरोनी, करवंद, बोराटी लावली. पहिल्या वर्षी शेळ्यांनी सगळं फस्त केलं. काकांनी पुन्हा लावलं. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा ते आंघोळीचं पाणी झुडपांना घालू लागले. मग वाहून नेण्याचा त्रास कशाला, म्हणून झुडपांतच उभं राहून आंघोळ करू लागले. सासूबाईंनी त्या बाजूची खिडकी कायमची लावून घेतली.

एकदा माझं लग्नातलं पातळ वाऱ्यानं उडून येरोनीत अडकलं. मी तणतणत गेले. काका एकेक काटा सोडवत म्हणाले, “पातळ फाटलं, पन फांदी नाही मोडली. लावलं म्हनजे लावलं, सूनबाई.”

तिसऱ्या हिवाळ्यात येरोनी काळीभोर पिकली आणि बुलबुल आले. मीच हरखून काकांना हाक मारली. त्यांनी कानाला हात लावून ऐकलं.

“लय गोड बोलते. कामाचं नाही.”

“मंग कोन पाहिजे तुमाले?”

“सातभाई.”

सातभाई म्हणजे मळकट रंगाची, घोळक्यानं हिंडणारी, दिवसभर आपसांत कचाकचा भांडणारी पाखरं. इंजिनानं काकांचे कान गेलेत, त्यांना मोठाच आवाज लागत असेल, असं आम्ही समजलो.

पौषातल्या एका सकाळी सातभाई आले. नुसता कालवा. मी वाटीत भाजी घेऊन गेले, तर काका अजून बाजेवरच होते. डोळे मिटलेले, पण जागे.

“काकाजी, आले तुमचे सातभाई.”

त्यांनी हातानंच थांब म्हटलं. बराच वेळ ऐकत राहिले.

“तुही काकू अशीच उठवे मले,” ते म्हणाले. “झुंजुमुंजू झालं का तोंड सुरू. चूल पेटली, उठा. पानी संपलं, उठा. मी म्हनत होतो, बाई, एक दिवस तरी गप राय. मंग ती गेली. घर असं गप झालं, का मले सकाळी उठूच वाटेना.”

बाहेर एका फळावरून भांडण आणखी पेटलं. काकांनी पांघरूण सारलं, पाय खाली सोडले.

“हो, हो,” झुडपाकडे पाहत ते हळूच म्हणाले. “उठून राह्यलो ना.”