बेटावरचं पाणमांजर

एका जंगलात अस्वलांचं एक घर होतं, मुलांनो. भोवती झाडं, ओढे, पाखरं, सगळं आयतंच होतं. त्यामुळे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. निसर्ग बघायचा, तर होडीत बसून तळ्यातल्या बेटावर जायचं. तिथं ‘अभयारण्य’ अशी पाटी होती ना.

एका रविवारी भिकोबा अस्वल सहकुटुंब निघाले. सोबत पत्नी, आई, मेहुणा आणि धाकटी रेवू. शिवाय दशम्यांचा डबा, कारण निसर्गात भूक फार लागते. रेवूला मात्र पाणमांजर बघायचं होतं. वाढदिवसालाही तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

बेटावर कासव रखवालदार होतं. ते हळूच म्हणालं, “गप बसून पाण्याकडे बघा. येईल, पण क्षणभरच.”

“ते होईल हो,” भिकोबा म्हणाले. “आधी आमचा एक फोटो काढा. मागं पाणी येऊ द्या.”

सगळे पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. आजीनं पदर सारखा केला. मेहुण्यानं पोट आत घेतलं. तेवढ्यात मागं डुबुक झालं.

“साहेब, मागं बघा,” कासव म्हणालं.

“तुम्ही फोटो काढा. रेवू, हललीस तर याद राख.”

रेवू बाबांना फार भ्यायची. पण पाणमांजर पुन्हा येईल याचा काय भरवसा? ती वळली. तोंडात मासा धरून ते तिच्याचकडे बघत होतं. मग बुडालं. रेवूला फार आनंद झाला.

भिकोबांनी फोटो बघून कपाळाला हात लावला. “पोरीची नुसती पाठ आलीय.” त्यांनी तो पुसला आणि दुसरा काढून घेतला. त्यात सगळ्यांचे दात होते आणि मागं रिकामं पाणी.

घरी शेजारच्या साळिंदरकाकूंनी विचारलं, “दिसलं का पाणमांजर?”

“कसलं काय. सगळी जाहिरात.”

“मला दिसलं,” रेवू म्हणाली.

“मग फोटोत कुठाय?” भिकोबा म्हणाले.

त्यांनी सिंहमहाराजांकडे तक्रार केली. महाराज प्रजेचं मन फार जपत. त्यांनी बेटावर सिमेंटचं चकचकीत पाणमांजर बसवलं. उद्घाटनाचे ढोल ऐकून खरं पाणमांजर कुठं गेलं, कुणालाच कळलं नाही.

अस्वलं पुन्हा सहलीला आली.

“बाबा, ते असं नव्हतं,” रेवू म्हणाली.

“हे हलत तरी नाही. चला, उभे राहा.”

या वेळी रेवू मुकाट्यानं समोर बघत राहिली. मागं वळून बघावं असं तिथं काही उरलं नव्हतं. फोटो मात्र फार सुरेख आला.

तात्पर्य : निसर्गाकडे पाठ करायची तर सहकुटुंब करावी. एकानं जरी वळून पाहिलं, तरी फोटो बिघडतो, आणि वर त्यालाच खोटं ठरावं लागतं.